पासवर्ड कधी बदलायचा, हेही छापा

दि. २२ एप्रिल २०१४

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘हार्टब्लीड’ नावाचा इंटरनेटमधला दोष ७ एप्रिलला जगापुढे आला. १० तारखेला विदर्भातल्या दहाही मतदारसंघांत लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे आमच्याकडे कुणाला दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की सगळ्यांनी आपले पासवर्ड ताबडतोब बदला. हा सल्ला अर्धा आहे आणि त्यामुळे नुकसान होऊ शकतं, म्हणून हे पत्र.

बँकेच्या किंवा ई-मेलच्या संकेतस्थळावर पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसतं. त्यामागचं, म्हणजे आपली माहिती वाटेत कुणाला वाचता येऊ नये याचं, काम लाखो सर्व्हरवर (संकेतस्थळं चालवणाऱ्या संगणकांवर) ‘ओपनएसएसएल’ ही मोफत प्रणाली करते. दोन संगणकांचं बोलणं चालू असताना एक जण मधूनमधून विचारतो, ‘आहेस ना? असशील तर हा शब्द परत पाठव,’ आणि तो शब्द किती लांब आहे तेही सांगतो. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे पलीकडचा तपासतच नव्हता. चार अक्षरं पाठवून चौसष्ट हजार मागितली, की उरलेली जागा तो आपल्या मेमरीत शेजारी जे पडलं असेल त्याने भरून देतो. त्यात नुकत्याच लॉगिन केलेल्या माणसाचा पासवर्ड असू शकतो, खुद्द संकेतस्थळाची गुप्त किल्लीही असू शकते. सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींत या चोरीचा माग राहत नाही. मार्च २०१२ पासून हे असंच चालू होतं. कॅनडाच्या कर खात्याने आपलं संकेतस्थळ काही दिवस बंद ठेवलं, तरी बंद करण्याआधीच सुमारे ९०० नागरिकांचे ओळख क्रमांक चोरीला गेले होते.

म्हणून संकेतस्थळाने दुरुस्ती करण्याआधी पासवर्ड बदलला, तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जातो. बदलण्यासाठी लॉगिन केलं, की जुना आणि नवा दोन्ही मेमरीत ताजे येऊन बसतात. कुडाला भगदाड असताना दाराचं कुलूप बदलून काय उपयोग? आधी संकेतस्थळाने दुरुस्त आवृत्ती बसवावी, आपली ओळख पटवणारं जुनं डिजिटल प्रमाणपत्र रद्द करून नवं घ्यावं, मग आपण पासवर्ड बदलावा. गूगल आणि याहू यांनी दुरुस्ती जाहीर केली आहे, तेव्हा त्यांचे पासवर्ड आजच बदला. बाकीच्यांचं काय, हे विचारायला हवं आणि सांगायला हवं.

आता गावातली गोष्ट. माझ्या संगणक वर्गात आसपासच्या खेड्यांतली मुलं-मुली येतात. पासवर्ड बदला म्हटलं, तर उत्तर येतं, “सर, तो तं केंद्रावाल्या भाऊच्या वहीत हाये.” हा भाऊ म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्राचा चालक. ती वही मी पाहिली आहे. दोनशे पानी, पट्टीने रेघा मारलेली. पहिल्या रकान्यात नाव आणि गाव, दुसऱ्यात ई-मेल, तिसऱ्यात पासवर्ड. पासवर्ड म्हणजे पोरीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. खालच्या ओळीत नाव तेवढं वेगळं, एक-दोन-तीन तेच. शिष्यवृत्तीच्या पानावरही पुन्हा तेच. कित्येकींच्या खात्याला मोबाइल नंबरही केंद्रचालकाचाच दिलेला, कारण घरी एकच फोन आणि तो बापासोबत वावरात. वही दिवसभर काउंटरवर पडलेली असते, पाळी येईपर्यंत कुणीही चाळावी.

केंद्रचालकाला मी दोष देणार नाही. अर्जाची मुदत संपत आलेली, त्यात लाइन जाते, पोरगी पासवर्ड विसरलेली आणि परत यायचं म्हणजे पुन्हा एसटीचं भाडं. त्याने लिहून ठेवलं म्हणूनच कित्येकांचे अर्ज वेळेत गेले. पण तिकडे सर्व्हर दुरुस्त झाला आणि इकडे नवा पासवर्डही त्याच वहीत चढला, तर आपल्या लेकरांच्या पदरात काय पडलं? पासवर्ड बदलायचा तो ज्याचं खातं त्याने, स्वतः कीबोर्डवर बसून. चालकाने तेवढा वेळ मान दुसरीकडे करावी. सुरुवात ई-मेलपासून, कारण इतर खात्यांचे विसरलेले पासवर्ड तिथूनच नव्याने मिळतात. मोबाइल नंबर घरचा टाकावा. लक्षात राहत नसेल तर कागदावर लिहायला हरकत नाही, पण तो कागद आपल्या घरच्या पेटीत राहू द्या. बारावीचे निकाल लागले की प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जांची झुंबड उडेल. हे त्याआधी व्हायला हवं.

गारपिटीत हरभरा-गहू गेलेले शेतकरी मला विचारतात, मदतीचे पैसे खात्यात येतील ते सुरक्षित राहतील का, एटीएमचा पिन फुटला का. पिन फक्त एटीएम यंत्रावरच दाबला असेल, कुठल्या संकेतस्थळावर टाकला नसेल, तर या दोषापायी घाबरण्याचं कारण नाही. खरी भीती फोनची आहे. “बँकेतून बोलतोय, सुरक्षेसाठी नंबर सांगा” म्हणणाऱ्यांना या बातमीने आयतं निमित्त मिळालं आहे. ‘पासवर्ड बदलण्यासाठी इथे दाबा’ अशा मेलचंही तेच. बँक फोनवर पिन मागत नाही, हे ठळक टाइपात छापा, कारण पारावर पेपर मोठ्याने वाचला जातो आणि ज्यांना वाचता येत नाही तेही ऐकतात.

आपल्याला विनंती अशी: पुढचा महिनाभर जिल्ह्याच्या पानावर रोज एक छोटी चौकट द्या. कोणती बँक, कोणतं सरकारी संकेतस्थळ, कोणती ई-मेल सेवा दुरुस्त झाल्याचं स्वतः सांगते, त्यांची नावं त्यात असू द्या. जे उत्तर देत नाहीत त्यांचीही नावं छापा. एकट्या ग्राहकाने विचारलं तर शाखेतून “वरून काही आलं नाही” एवढंच ऐकायला मिळतं. वर्तमानपत्राने विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. चौकटीचं कात्रण केंद्राकेंद्रावर चिकटवण्याचं काम मी आणि माझे विद्यार्थी करू.

आपला,
एक संगणक शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ