पोट साफ होत नाही म्हणालास, त्याबद्दल

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "पोट काही साफ होत नाही रे, चालायचंच," आणि लगेच विषय बदललास. तेव्हापासून मनाला चैन नाही. हेच वाक्य मी अकरा वर्षं म्हणत आलो. माझी ती वर्षं तुझ्या वाट्याला यायला नकोत, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

रोज शौचाला झाली नाही म्हणजे बद्धकोष्ठता, असं नाही. आठवड्यातून तीन वेळांपेक्षा कमी होणं, खडा होणं, कुंथावं लागणं, जाऊन आल्यावरही काहीतरी राहिल्यासारखं वाटणं, वाट अडल्यासारखी वाटणं, बोटाने मदत करावी लागणं: यातल्या दोन-तीन गोष्टी महिनोन्‌महिने चालल्या असतील, तर तो आजार समजून तपासायला हवा. बोटाचं मी कुणाला कधीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी सरळ विचारलं, तेव्हा मान खाली घालून 'हो' म्हणालो. निदानाची सुरुवात तिथूनच झाली.

त्याआधी मी सगळं करून पाहिलं होतं. इसबगोल, चूर्णं, भरपूर पाणी, भाज्या-फळं. चोथा वाढवला की पोट आणखी फुगायचं. वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. मग एका डॉक्टरांनी नीट तपासलं. गुदद्वारात बोट घालून म्हणाले, "शौचाला बसल्यासारखा जोर करा." मी जोर केला आणि त्यांच्या बोटाभोवतीचा स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळला गेला. मी इतकी वर्षं बंद दारावर धक्के मारत होतो! दोन मिनिटांची तपासणी, पण तोवर ती कुणी केली नव्हती आणि लाजेपायी मीही करू दिली नव्हती.

पुढे फुग्याची चाचणी झाली. गुदाशयात छोटा फुगा ठेवून त्यात ५० मि.ली. पाणी भरतात आणि तो बाहेर टाकायला सांगतात. साधारण मिनिटाभरात जमायला हवं. मला जमलंच नाही. त्यावर उपाय औषध नव्हता, शिकवणी होती: बायोफीडबॅक. समोरच्या पडद्यावर एक रेघ असते. स्नायू आवळला की ती वर चढते, सैल सोडला की खाली येते. चौथ्या बैठकीत श्वास सोडता सोडता ती रेघ पहिल्यांदा खाली आली आणि माझे डोळे भरून आले.

तुझं कारण वेगळंही असू शकेल. काहींचं आतडंच संथ चालतं. काहींना थायरॉइड कमी पडल्यामुळे किंवा मधुमेहामुळे त्रास होतो. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, रक्तदाबाची काही औषधं यांनीही पोट धरतं. म्हणून चालू असलेल्या गोळ्यांची यादी खिशात ठेवूनच जा. शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर मात्र एक दिवसही ढकलू नकोस.

तोवर एवढं कर. न्याहारीनंतर अर्ध्या तासात जाऊन बस, कारण खाल्ल्यावर आतडं आपणहून हालचाल करतं. पायाखाली छोटा पाट घे, गुडघे कमरेच्या वर येऊ देत. पाच-दहा मिनिटं बस, नाही झालं तर ऊठ. कुंथू नकोस. आलेली कळ दाबू नकोस. चोथा वाढवायचा तर हळूहळू वाढव. रेचकाला उगाच घाबरू नकोस. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचं रेचक आतड्यात पाणी धरून ठेवतं, डॉक्टर सांगतील तसं ते बरेच दिवस घेता येतं.

डॉक्टरांसमोर शब्द सुचले नाहीत तर हेच पत्र त्यांच्या हातात दे. मी बरोबर यायचं असेल तर वार कळव, मी रजा टाकतो.

तुझा,
जुना मित्र