जाक क्यर मार्गाची मराठी पुस्तिका : छपाईसाठी निधी हवा, पडताळणीसाठी आठ माणसे हवीत

सप्रेम नमस्कार.

मध्य फ्रान्समधल्या बेरी प्रांतातल्या आणि त्याच्या आसपासच्या किल्ल्यांना जोडणारा रस्ता म्हणजे 'जाक क्यर मार्ग'. आपल्या मंडळाची त्यावरची मराठी मार्गपुस्तिका लिहून पूर्ण झाली आहे. क्यूलाँपासून ला ब्युसिएरपर्यंत, सुमारे 160 किलोमीटरचा रस्ता, 13 ठिकाणे, 96 पाने. मजकूर तयार आहे, नकाशे तयार आहेत. अडले आहे ते दोन गोष्टींवर, जागेवर जाऊन करायची पडताळणी आणि छपाईचे पैसे. म्हणून हे आवाहन. घाईत लिहिले आहे, पण एकदा शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

आधी ज्यांच्यामुळे इथवर आलो त्यांचे ऋण. बूर्ज शहरातल्या जाक क्यरच्या वाड्यावरची आपली पहिली 32 पानी पुस्तिका ज्यांच्या देणगीतून निघाली, त्या आजी आता पुण्याला परतल्या आहेत. त्यांनी रक्कम देताना एकच अट घातली होती, 'किल्ल्याचे मराठी शब्द वापरा, भाषांतराचे नको.' ती अट या पुस्तिकेचा कणा झाली. फ्रेंच वर्णनात जिथे नुसते 'भिंतीतले छिद्र' म्हटले आहे तिथे आपण 'जंगी' लिहिले. तटाच्या माथ्यावरच्या दातेरी भिंतीला 'चर्या', तटावरच्या फिरण्याच्या वाटेला 'फांजी', मोठ्या दारातल्या छोट्या दाराला 'दिंडी'. रायगड-राजगड पायाखाली घातलेल्या माणसाला हे शब्द दिसताच किल्ला कळतो. गेल्या तीन दिवाळ्यांच्या फराळ विक्रीची सगळी शिल्लक ज्या भगिनींनी या कामाकडे वळवली, त्यांचेही उपकार मोठे. चकलीच्या एकेका पाकिटातून जमलेला तो पैसा आहे. आणि नकाशे काढून देणारे आपले माजी खजिनदार. त्यांनी मोबदला घेतला नाहीच, कागदाचा खर्चही घेतला नाही.

आता विषयाबद्दल. नव्या सभासदांना प्रश्न पडतो की या मार्गाला एका व्यापाऱ्याचे नाव का. जाक क्यर बूर्जमधल्या केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. 1432 मध्ये तो दमास्कसला गेला आणि परतीच्या वाटेवर त्याचे जहाज कॉर्सिकाजवळ फुटले. तरीही काही वर्षांत तो सातव्या शार्ल राजाचा टाकसाळप्रमुख झाला, मग राजाच्या भांडाराचा अधिकारी. 1441 मध्ये त्याला सरदारकी मिळाली. त्याची जहाजे अलेक्झांड्रियाहून मिरी, सुंठ, रेशीम आणत. ती मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र, एडन, तांबडा समुद्र अशी फिरत इजिप्तमध्ये पोचत असे. बूर्जच्या श्रीमंतीत आपल्या किनाऱ्याचा एवढा धागा नक्की आहे. याहून जास्त नाते जोडण्याचा मोह पुस्तिकेत मुद्दाम टाळला आहे. नॉर्मंडी इंग्रजांकडून परत घेण्याच्या 1449-50 च्या मोहिमेला त्याने पैसा पुरवला, आणि ज्यांना त्याने कर्ज दिले तेच दरबारी त्याच्यावर उलटले. 31 जुलै 1451 रोजी त्याला अटक झाली. राजाची प्रेयसी आन्येस सोरेल हिला विष दिल्याचा आरोपही त्याच्यावर ठेवला गेला. शिक्षेचा निकाल लागला तो 29 मे 1453 ला. शाळेच्या इतिहासात आपण सगळ्यांनी घोकलेला कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव त्याच दिवशीचा. पुढे तो कैदेतून निसटला, रोमला गेला आणि 25 नोव्हेंबर 1456 रोजी किओस बेटावर वारला. स्वतःच्या वाड्यात नीट राहायला त्याला मिळालेच नाही. 1443 मध्ये बांधकाम सुरू झाले आणि ते संपत आले तेव्हा तो तुरुंगात होता.

तो वाडा मात्र उभा आहे. पश्चिमेकडून पाहिला तर जुन्या गॅलो-रोमन, म्हणजे रोमन अंमलातल्या, तटावर आणि त्याच्या बुरुजांवर चढवलेली गढी वाटते. पूर्वेकडून पाहिला तर कोरीवकामाने भरलेला श्रीमंताचा वाडा. दारावरच्या दगडी खोट्या खिडक्यांतून एक पुरुष आणि एक स्त्री रस्त्याकडे वाकून पाहत आहेत. जागोजाग बदाम आणि शिंपला कोरलेला आहे. 'क्यर' म्हणजे हृदय, म्हणून बदाम. शिंपला ही त्याच्याच नावाच्या संत जाकची खूण. आणि त्याचे ब्रीदवाक्य : शूर हृदयांना अशक्य काही नाही. आत न्हाणीघर आहे, वाफेची सोय असलेले. नाव लिहिताना आमची बरीच चर्चा झाली. 'केर' लिहिले तर झाडलोट आठवते, 'कर' लिहिले तर वसुली. उच्चार दोन्हींच्या मधला आहे, म्हणून 'क्यर' ठरवले. कृपया लेख, पोस्ट, फलक सगळीकडे हेच लिहावे. शोधताना दोन रूपे झाली की अर्धे सापडत नाही.

हा मार्ग 1954 साली आखला गेला. फ्रान्समधल्या ऐतिहासिक मार्गांत तो पहिला मानला जातो. त्यावरच्या बहुतेक वास्तूंचा जाक क्यरशी थेट संबंध नाही, आणि इथेच पाहुण्यांची निराशा होते. एने-ल-व्येय काही काळ त्याच्याकडे होते, मनतू-सालों त्याने 1448 मध्ये घेतले, पण आज मनतू-सालोंमध्ये जे दिसते ते एकोणिसाव्या शतकातले नवे बांधकाम आहे, बूर्जच्या वाड्यावरून स्फूर्ती घेऊन केलेले. हे आधी सांगितले नाही तर माणूस पंधरावे शतक समजून तासभर चुकीचे पाहत राहतो. क्यूलाँचे तीन गोल बुरूज आर्नों नदीच्या दरीवर उभे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर लाकडी सज्जे टिकून आहेत. तटाच्या अगदी पायथ्याशी आलेला शत्रू जंगीतून दिसत नाही. सज्जा भिंतीच्या बाहेर काढलेला असल्याने त्याच्या तळाच्या फटींतून सरळ खाली दगड टाकता येत. मुलांना हे दाखवायचे तर खालून, नदीच्या बाजूने दाखवावे. आत शिरल्यावर ते कळत नाही. एने-ल-व्येयचा तट अष्टकोनी, नऊ बुरुजांचा आणि भोवती पाण्याचा खंदक. मेयाँच्या सिंहबुरुजाबद्दल 'मिलानने मेयाँ घडवले' अशी म्हण आहे, कारण बांधणारा दुसरा शार्ल दांबुआझ मिलानचा कारभारी होता. न्वारलाकचा मठ सिस्टर्शियन साधूंचा, कोरीव सजावट जवळपास नाही, आणि 1820 मध्ये तिथे चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता. शेर जिल्ह्याने तो 1909 मध्ये विकत घेतला म्हणून वाचला. उत्तरेकडे ओबिन्यी आणि ला व्हेररी ही स्कॉटिश स्ट्युअर्ट घराण्याची. 1423 मध्ये राजाने ओबिन्यी त्यांना दिले. ब्लांकाफोर विटांचे, जियँच्या किल्ल्यात शिकारीचे संग्रहालय, ला ब्युसिएरमध्ये मासेमारीचे. सगळ्यांना सरसकट 'किल्ला' म्हणता येत नाही. पुस्तिकेत किल्ला, गढी, वाडा, मठ अशी चार चिन्हे केली आहेत.

आता मन मोकळे करतो. गेल्या वर्षी याच कामासाठी मंडळाच्या मोबाइल गटावर आवाहन टाकले होते. अंगठे भरपूर आले, हात आले नाहीत. दोन सुट्ट्यांचे दिवस ठरवून रद्द करावे लागले, कारण गाडी घेऊन येणारे कोणी नव्हते. नंतर एका कार्यक्रमात 'पुस्तिका अजून का नाही' असे विचारले गेले, ते मनाला लागले. ही तक्रार नाही, पण 2028 मध्ये बूर्ज युरोपची सांस्कृतिक राजधानी होणार आहे. घरोघरी पाहुणे येतील, भारतातून आईवडील येतील, आणि किल्ल्याच्या दारात त्यांच्या हातात मराठी पान नसेल तर ती उणीव आपलीच.

पडताळणी म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण 'फिरायला जायचे' असा समज झाला आहे. जोडीने जायचे. एकाने मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने समोरची वस्तू पाहून हो-नाही म्हणायचे. 'डावीकडे' लिहिले असेल तर कोणाच्या डावीकडे हे तपासायचे. आमच्या पहिल्या पुस्तिकेत हीच चूक तीनदा झाली, कारण फोटोवरून लिहिले होते. जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, कठडा कुठे तुटतो ते लिहायचे, बाबागाडी कुठवर जाते ते लिहायचे. मार्गदर्शकासोबतची फेरी किती मिनिटांची ते घड्याळ लावून पाहायचे. बऱ्याच वास्तू खाजगी आहेत, काहींत घराणी आजही राहतात, तेव्हा आतले फोटो मालकाच्या लेखी परवानगीशिवाय काढायचे नाहीत. वेळा पुस्तिकेत छापणार नाही. त्या दर वर्षी बदलतात, अनेक ठिकाणे हिवाळ्यात बंद असतात, दुपारी 12 ते 2 दार लागते. वेळांसाठी क्यूआर कोड असेल, किमान 2 सेंटिमीटरचा, भोवती कोरी जागा सोडलेला, आणि मंडळाच्याच पानाकडे नेणारा. मागे फुकटच्या छोट्या दुव्यावर विसंबलो आणि तो दुवा बंद पडला.

जेवणाचेही तपासायचे आहे. बेरीच्या हिरव्या मसुरा चांगल्या, पण त्यांत बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आधी विचारावे. ईस्टरचा 'पाते' वरून साधा पापुद्र्याचा दिसतो, आत खिमा आणि अंडे असते. बटाट्याची गालेत आणि शाविन्योलचे बकरीच्या दुधाचे चीज शाकाहाऱ्यांना चालते, पण दूध विरजायला वापरलेले रेनेट (जनावराच्या पोटातून काढलेले द्रव्य) चालत नसेल तर चीज सोडावे. कोणत्या गावात काय मिळते याची नोंद हवी.

पडताळणीचे चार गट, प्रत्येकी दोन माणसे : (1) क्यूलाँ, एने-ल-व्येय, मेयाँ, न्वारलाक, गाडी हवीच, दोन दिवस; (2) बूर्जचा वाडा आणि कॅथेड्रल, पॅरिसहून रेल्वेने सुमारे दोन तास, एक दिवस; (3) मनतू-सालों आणि मोपा, गाडी, एक दिवस; (4) ला व्हेररी, ओबिन्यी, ब्लांकाफोर, जियँ, ला ब्युसिएर, गाडी, दोन दिवस. एका दिवसात चारपेक्षा जास्त ठिकाणे धरू नका, दुपारची दोन तासांची सुट्टी सगळे गणित मोडते. तारखा एप्रिलमधले शनिवार-रविवार.

छपाईचे थोडक्यात सांगतो. ए5 आकार, 96 पाने म्हणजे 16 पानांचे सहा फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेले गठ्ठे), आत 115 ग्रॅमचा कागद, मुखपृष्ठ 250 ग्रॅम, 500 प्रती, शिवण बांधणी. नुसत्या डिंकाची बांधणी स्वस्त पडते, पण गाडीत उन्हात पडलेली आणि पूर्ण उलगडून धरलेली प्रत पाने सोडते, पहिल्या पुस्तिकेच्या प्रती तशाच परत आल्या. जुना मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये होता, तो बदलताना रफार, ऱ्या आणि ऱ्हस्व वेलांटी सरकते. इथल्या छापखान्यात देवनागरी कोणाला वाचता येत नाही, त्यामुळे तुटलेले जोडाक्षर तिथे कोणाच्या लक्षात येणार नाही. म्हणून फाँट आत बसवलेली पीडीएफच जाईल आणि कागदावरचा नमुना दोन मुद्रितशोधक स्वतंत्र वाचतील. हे दोघे वेगळे हवेत, आठात धरलेले नाहीत.

खर्च : छपाई 2,100 युरो, किल्ल्यांच्या दारात ठेवायची लॅमिनेट केलेली मराठी पाने 260, चित्रांचे हक्क 340, पेट्रोल व टोल 500, टपाल 200. एकूण 3,400. हाती 1,150. कमी 2,250, म्हणजे 50 युरोचे 45 वाटे. अर्धा वाटाही चालेल. 100 युरो किंवा अधिक देणाऱ्यांची नावे शेवटच्या पानावर, नको असेल तर कळवा. रक्कम मंडळाच्या नेहमीच्या खात्यात, संदेशात फक्त 'क्यर' व आपले नाव. शेवटचा दिवस 31 मार्च. भारतातून पैसे पाठवू नका, बँकेचे शुल्क फार जाते, इथल्या नातेवाइकाकरवी द्या. येणाऱ्यांनी गट क्रमांक, गाडी आहे की नाही आणि कोणते शनिवार-रविवार जमतील एवढे 15 मार्चपर्यंत कार्यवाहांना कळवा. फ्रेंच बोलणारे प्रत्येक जोडीत एक तरी हवे. नमुना प्रत मेच्या पहिल्या आठवड्यात वाचायची आहे, ज्यांना शुद्धलेखनाची सवय आहे त्यांनी आत्ताच नाव द्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
कार्यवाह व पुस्तिका समिती