एकट्याला कोंडणं हा आत्महत्येवरचा उपाय नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुरुंगात कैद्याने आत्महत्या केली की चार ओळींची बातमी येते. त्याने जीव कसा दिला हे तपशिलात असतं (ते छापूच नये, वाचणाऱ्यांत तशाच मनःस्थितीतलं कुणी असू शकतं). तो कोठडीत एकटा होता का, त्याआधी त्याने कुणाला काही सांगितलं होतं का, हे मात्र नसतं. ‘केलं ते भोगलं’ म्हणून आपणही पान उलटतो. अशा मृत्यूंत कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा आहे असे लोक, बरेच असतात, याचा कुणाला पत्ताही नसतो.

मी काही वर्षं तुरुंगात समुपदेशनाचं काम केलं. माझा मुद्दा एकच आहे. जीव द्यायची भाषा करणाऱ्या कैद्याला ‘त्याच्याच सुरक्षिततेसाठी’ म्हणून एकट्याला कोंडतात, ते थांबलं पाहिजे.

हे दुष्टपणातून होतं असं नाही. ‘आपल्या ड्युटीत काही होऊ नये’ ही धास्ती असते. मग त्याला अलग कोठडीत हलवतात. पांघरूण, पुस्तक, कधी अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतात. कागदोपत्री माणूस सुरक्षित होतो. बरॅकीत मात्र तासाभरात सगळ्यांना कळतं की मनातलं बोललं तर अलग टाकतात. पुढचा माणूस तोंड उघडत नाही. या पद्धतीने होणारं सर्वांत मोठं नुकसान मला हेच वाटतं, कारण ते कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसत नाही.

अनेक देशांतल्या अभ्यासांतून धोक्याच्या त्याच त्या खुणा पुढे आल्या आहेत : तुरुंगात असताना मनात येणारे आत्महत्येचे विचार, आधीचा प्रयत्न, मानसिक आजार, भेटायला कुणीच न येणं आणि एकट्याची कोठडी. म्हणजे आपण ज्याला उपाय म्हणतो तो धोक्याच्या यादीत बसलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’नुसार दिवसाचे 22 तास किंवा अधिक काळ, माणसांशी अर्थपूर्ण संपर्क न ठेवता कोंडणं म्हणजे एकांतवास. तो सलग 15 दिवसांपेक्षा जास्त ठेवायला मनाई आहे आणि ज्या मनोरुग्णाची प्रकृती त्याने बिघडेल त्याला तर तो देऊच नये, असं हे नियम सांगतात.

तुरुंगात येताच कैद्याची तपासणी व्हावी आणि तीत मानसिक ताण, आत्महत्येचा धोकाही पाहावा, हेही त्याच नियमांत आहे. ती होते कशी, ते सांगतो. नवे कैदी रांगेत उभे. टेबलामागचा माणूस फॉर्मवरून नजर न उचलता विचारतो, “दारू? गोळ्या चालू? मरायचे विचार येतात?” मागे दहा जण ऐकत असतात. उत्तर अर्थातच “नाही”. खूण झाली, पुढचा आला. हाच प्रश्न दार लोटून, बसवून, “घरी कळवलंय का?” पासून सुरुवात करून विचारला तर उत्तर वेगळं येतं, हे मी पाहिलं आहे. शिवाय एकदा विचारून भागत नाही. पहिले काही दिवस जोखमीचे असतातच, विशेषतः दारू किंवा नशा एकदम सुटलेल्यांसाठी. पण जामीन फेटाळला, शिक्षा सुनावली, बायकोने फोन उचलणं बंद केलं, की धोका पुन्हा वर येतो. कोर्टातून परतलेल्या माणसाचा चेहरा दिवसपाळीच्या शिपायाने पाहिलेला असतो. रात्रपाळीला ते कुणी सांगत नाही.

हाताला कापून घेणाऱ्याला ‘नाटकं करतो’ म्हणायची रीत आहे. एखाद्याला बरॅक बदलून हवी असेलही. पण इंग्लंड आणि वेल्समधल्या तुरुंगांच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात स्वतःला इजा करून घेणाऱ्यांत आत्महत्येचं प्रमाण इतर कैद्यांपेक्षा जास्त आढळलं. नाटक म्हणून सोडून देणं परवडणारं नाही.

पहाऱ्याचंही तसंच. रजिस्टरमध्ये 10, 10.15, 10.30 अशा नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेल्या असल्या की समजावं, फेरी झालेली नाही. आणि अशी नेमकी वेळ पाळली तरी ती कैद्याला पाठ होते. फेऱ्या अनियमित हव्यात, धोका मोठा असेल तर सतत कुणीतरी समोर हवं. त्याला माणसं लागतात. शेकडो कैद्यांमागे मोजके शिपाई ठेवून मग त्यांनाच निलंबित करणं हा शुद्ध अन्याय आहे.

माणसं कमी म्हणून काहीच होत नाही असंही नाही. ब्रिटनमध्ये स्वान्सीच्या तुरुंगात 1991 मध्ये ‘समॅरिटन्स’ संस्थेने कैद्यांनाच ऐकून घेण्याचं प्रशिक्षण दिलं. रात्री-अपरात्री दुसऱ्या कैद्याजवळ बसून, गुप्तता राखून त्याचं ऐकायचं. ती योजना पुढे तिथल्या इतर तुरुंगांतही गेली. अर्थात हे काम डॉक्टरांच्या आणि शिपायांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नव्हे.

सुटकेनंतरचे पहिले आठवडेही तितकेच धोक्याचे असतात, याकडे तर कुणाचंच लक्ष नाही. आत सुरू असलेल्या गोळ्या, त्यांची चिठ्ठी आणि बाहेरच्या डॉक्टरकडची ठरलेली तारीख एवढं तरी सुटणाऱ्याच्या हातात पडावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आपला,
एक निवृत्त समुपदेशक