एम्पोरियाचे माजी सैनिक स्मारक

एम्पोरिया, कॅन्सस
12 नोव्हेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

काल अमेरिकेत ‘व्हेटरन्स डे’, म्हणजे माजी सैनिकांचा दिवस, पाळला गेला. तो ज्या गावातून सुरू झाला त्याच गावात सध्या मुलीकडे माझा मुक्काम आहे, तेव्हा हे पत्र तुझ्यासारख्या फौजी माणसालाच लिहायला हवे. 25 हजारांच्या आतबाहेर वस्तीचे हे गाव फ्लिंट हिल्स नावाच्या माळरानात वसले आहे. चुनखडकातल्या कठीण गारेमुळे या टेकड्यांवर नांगर फारसा चालला नाही, म्हणून पुरुषभर वाढणारे मूळचे गवत अजून टिकून आहे. सध्या ते तांबूस पडले आहे. गावाच्या दक्षिणेला, कॉटनवुड नदीकाठच्या सोडन्स ग्रोव्ह बागेपाशी, 1991 साली उभारलेले सर्व माजी सैनिकांचे स्मारक आहे.

त्यातला ‘सर्व’ कोठून आला, ते ऐक. 11 नोव्हेंबर 1918 रोजी पहिले महायुद्ध थांबले आणि त्या तारखेला अमेरिकेत केवळ त्याच युद्धाचे स्मरण होत असे. एम्पोरियात अल्विन किंग नावाचा जोडे दुरुस्त करणारा एक कारागीर होता. त्याने मुलासारखा वाढवलेला जॉन कूपर 1944 साली युरोपच्या रणभूमीवर पडला. दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे कोरियात लढलेल्यांचा या दिवसावर हक्क का नसावा, असा किंगचा सरळ सवाल होता. गावाने तो उचलून धरला आणि 1953 च्या 11 नोव्हेंबरला दुकाने व शाळा बंद ठेवून सर्व माजी सैनिकांचा दिवस पाळला. येथलेच खासदार एडवर्ड रीस यांनी विधेयक मांडले आणि याच कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावी वाढलेले राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1 जून 1954 रोजी त्यावर सही केली. पुढे जोडून सुट्टी मिळावी म्हणून 1971 पासून हा दिवस ऑक्टोबरातल्या सोमवारी ढकलण्यात आला, पण लोकांना ते रुचले नाही आणि 1978 मध्ये तो मूळ तारखेवर परतला. (सुट्ट्या जुळवण्याची हौस फक्त आपल्यालाच आहे असे समजू नकोस.)

धारातीर्थी पडलेल्यांसाठी येथे मे महिन्यात वेगळा दिवस आहेच. नोव्हेंबरचा मान मुख्यतः जिवंत परतलेल्यांना आहे, आणि मला किंगचे मोठेपण यात वाटते की घरचा मुलगा गमावूनही त्याने परतलेल्यांना वगळले नाही. निवृत्त झाल्यावर तू एकदा चिडून म्हणाला होतास, “गेलेल्याचा फोटो चौकात लागतो आणि जगून आलेला दाखल्यासाठी कचेरीच्या रांगेत उभा राहतो.” काल स्मारकापाशी तुझे ते वाक्य मला वारंवार आठवत होते.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी आपल्याकडच्या काही गावांत शिलालेख बसवले, त्यांवर या गावातून किती माणसे लढाईला गेली आणि त्यांतली किती कामी आली, असे दोन्ही आकडे असत. परतलेल्यांची निदान मोजदाद तरी झाली, नावे मात्र बहुधा कोरलीच नाहीत. तुमच्या तालुक्यात असा एखादा दगड असेल तर त्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून मला पाठव, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांतली कोणाची नावे ठाऊक असतील तर तीही लिहून घे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव