त्या एका वाक्यापायी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

गाडी दाभोळकर कॉर्नरला वळेपर्यंत मी स्टँडवर उभा होतो. तू खिडकीतनं हात केला नाहीस. बरोबर आहे, आदल्या रात्री मीच नको ते बोललो. इंटरव्ह्यू गेला म्हणून लगेच "बँकेचा फॉर्म भर" म्हणायला नको होतं. पण तू "पप्पा, मला काहीच येत नाही" म्हणालीस आणि मला काय बोलावं सुचेना.

त्या वाक्यावर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

आईनं सांगितलं, इंटरव्ह्यूत तू "मी वर्कशॉपवर गेलो होतो" म्हणालीस आणि समोरचे साहेब हसले. त्यावरून तुझी जीभच अडकली म्हणे. मनू, आक्का आयुष्यभर "मी आलो, मी गेलो" म्हणत आल्या. तुझे आजोबा गेल्यावर तीन म्हशींवर त्यांनी आम्हा चौघांना वाढवलं. आपल्या कोल्हापूरकडच्या बायका अशाच बोलतात. त्याची लाज कसली? पुण्यात लागेल तिथं "गेले" म्हण, पण मान खाली घालू नकोस.

कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आठव. रेल्वेत टीसी म्हणून लागला, पण नेम धरायचा सोडला नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हा तूच टीव्हीसमोर ओरडत होतीस. तो काय एका दिवसात... राहू दे. परत भाषण झालं. माफ कर.

काहीच येत नाही कसं? दहावीच्या सुट्टीत शिरोलीला फाउंड्रीत माझा डबा घेऊन आली होतीस. मी मोल्डिंगची, म्हणजे साच्याची, माती मुठीत दाबून दाखवली: गोळा मोडला की सरळ दोन तुकडे व्हावेत, हाताला चिकटू नये. तू दाबलीस, तळहात बघितलास आणि म्हणालीस, "पप्पा, ओल जास्त आहे." मी म्हटलं, जा घरी, उन्हं वाढतील. दुसऱ्या दिवशी पंपाच्या बॉडीचे ११ नग ब्लो होलनं गेले. ओल्या मातीत लोखंडाचा रस पडला की वाफ होते, ती कोंडली की कास्टिंगला भोकं पडतात. वीस वर्षं मोल्डिंग केलेल्या माझ्या हाताला जे कळलं नाही ते तुझ्या हाताला कळलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. का, ते माझं मला ठाऊक नाही. सांगायला पाहिजे होतं.

डिप्लोमावाल्यांना वर्षभराची अप्रेंटिसशिप करता येते, १९६१ चा कायदाच आहे तसा. विद्यावेतन थोडं मिळेल, पण मशीनला हात लागेल. पुण्यात बघ, नाहीतर गोकुळ शिरगावला मी विचारतो. तू म्हणशील तरच. बँकेचं नाव काढणार नाही.

पोचल्याचा फोन आईला केलास. मलाही कर. या आठवड्यात पहिली पाळी आहे, चारनंतर घरीच असतो. आणि ते वाक्य आक्कांसमोर बोलू नकोस, त्या रात्रभर जागतील. मी जागतोच आहे.

तुझे,
पप्पा