सही करण्यापूर्वी कामगाराला सल्ला मिळावा

माननीय संपादक महोदय,

माझा भाचा गोव्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॅकिंग विभागात नऊ वर्षे कामाला होता. 2024 मध्ये त्याने नोकरी सोडली, तेव्हा शेवटच्या पगाराचा धनादेश देण्याआधी कार्यालयाने इंग्रजीत टाइप केलेल्या एका कागदावर, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, त्याची सही घेतली. तो कागद मी घरी वाचला. सर्व हिशेब पूर्ण झाला असून यापुढे कोणतेही येणे नाही, अशा अर्थाचे वाक्य त्यात होते. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सलग सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, मात्र उल्लेखही नव्हता. "मामा, सही केली, आता विषय संपला," असे तो म्हणाला.

विषय संपलेला नव्हता. तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार पाच वर्षे सलग सेवा झालेल्या कामगाराचा हा हक्क कोणत्याही कराराने काढून घेता येत नाही. भाच्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना 15,600 रुपये होते. त्यास 26 ने भागून 15 ने गुणले की वर्षाचे 9,000, म्हणजे नऊ वर्षांचे 81,000 रुपये, आणि तेही 30 दिवसांच्या आत. विधी सेवा प्राधिकरणाने नेमून दिलेल्या वकिलांनी कामगार खात्याकडे अर्ज केल्यावर ते मिळाले, पण त्यात आठ महिने गेले.

या वकिलांसाठी आम्हाला एक पैसाही द्यावा लागला नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे औद्योगिक कामगार आणि स्त्रिया यांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो; 15100 या क्रमांकावर चौकशी करता येते. कारखान्याच्या सूचना फलकावर ही माहिती मी अजून पाहिलेली नाही.

कंपन्यांना सल्ला देण्यासाठी लॉ फर्म असतात. त्यात गैर काही नाही. उलट अशा सहीने ग्रॅच्युइटी बुडत नाही, हे चांगला सल्लागार मालकाला वेळीच सांगतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करणे, मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी देणे, अशा तरतुदी त्यात आहेत. व्यवस्थापनाला त्या समजावून सांगणारे तज्ज्ञ आहेत, कामगारापर्यंत मात्र व्हॉट्सॲपवरचे अर्धवट संदेशच पोहोचतात.

म्हणून गोव्यातील लॉ फर्मना आणि विधी सेवा प्राधिकरणाला माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी वेर्णा, कुंडई, तुये येथे महिन्यातून एकदा मराठी, कोकणी आणि हिंदीतून मार्गदर्शन करावे, आणि त्यासाठी पहिली पाळी सुटण्याची वेळ धरावी. हिशेबाचा कागद कामगाराला समजणाऱ्या भाषेत असावा व त्यात ग्रॅच्युइटीचा रकाना वेगळा असावा, असा आदेश कामगार खात्याने काढावा.

आपला नम्र,
एक निवृत्त कर्मचारी, फोंडा