हद्दीवरच्या गावांना मापे द्या, घोषवाक्ये नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की 'पाणी उकळून प्या, परिसर स्वच्छ ठेवा' अशी पत्रके वाटली जातात. ठाण्याजवळच्या शिळफाट्यापासून तळोज्यापर्यंतच्या गावांत किंवा येऊरच्या पाड्यांवर त्यांचा उपयोग जवळपास शून्य. या वस्त्या कुठल्या ना कुठल्या हद्दीला टेकलेल्या. येऊरला राष्ट्रीय उद्यानाची हद्द, तर शिळफाट्याच्या आसपास ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई आणि पनवेल अशा चार महापालिका एकमेकींना खेटून. दहिसर, पिंपरी, भंडार्ली वगैरे १४ गावे नवी मुंबईत होती, मग वगळली गेली, मग पुन्हा घ्यायचा निर्णय झाला. अशा ठिकाणी एकाच घरात विहिरीचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी येते आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. रोज २० लिटर पाणी उकळायचे तर सिलिंडर किती दिवस पुरतो, हे पत्रक लिहिणाऱ्याने एकदा स्वतःच्या ओट्यावर मोजून पाहावे.

विहिरीपासून सुरुवात करू. जंतू मारणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती घालायची, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'दोन मुठी' असे मिळते. हिशेब खरे तर सोपा आहे. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळे मीटरमध्ये) आणि त्याला ७८५ ने गुणले की लिटर निघतात. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८,००० लिटर. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. पावसाळ्यात पाण्याची पातळी आठवड्यात दुप्पटही होऊ शकते. त्यामुळे मे महिन्यातले माप जुलैत चालत नाही, खोली पुन्हा मोजावी लागते.

पावडर थेट विहिरीत फेकू नये. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात ती लापशीसारखी कालवावी. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. मग बादली पाऊण भरेल इतके पाणी घालून ढवळावे, दहा मिनिटे थांबावे आणि वरची निवळ दुसऱ्या बादलीत काढून तीच पाण्यात सोडावी. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते, म्हणून तो बाहेर टाकावा. बादली दोराने पाण्याखाली नेऊन जोरात वर-खाली करावी, नाहीतर औषध एका कोपऱ्यात राहते. त्यानंतर निदान तासभर पोहरा टाकू नये. रात्री शेवटचे पाणी भरून झाल्यावर हे काम करणे सोयीचे.

एवढे करूनही क्लोरीन सापडत नाही, त्याची कारणे बहुधा दोनच असतात. एक, पावडर मेलेली. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण उघडे पोते खिडकीशी, दमट जागी ठेवले तर तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. दुसरे, पाणी गढूळ. गाळ आणि कुजलेला पाला क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून अशा पाण्याला मात्रा वाढवावी लागते. टँकरला मात्र टाकीतच मात्रा द्यावी: १०,००० लिटरला २५ ग्रॅमची निवळ. घरच्या २०० लिटरच्या पिंपाला अर्धा ग्रॅम कोण मोजणार?

मात्रा बरोबर पडली की नाही हे ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टने कळते: पाण्यात क्लोरीन असेल तर हे द्रावण टाकल्यावर पिवळा रंग येतो. तो रंग लगेच, म्हणजे दहा सेकंदांच्या आत, वाचायचा. पंधरा मिनिटांनी गडद झालेला रंग पाहून लोक समाधान मानतात, पण त्यात घाणीशी बांधला गेलेला कमजोर क्लोरीनही मोजला जातो. विहिरीत तासाभराने लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि घरच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा.

इथे शाळांचा विषय येतो. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. आपल्याकडे नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषयही आहे. मग त्याचे प्रात्यक्षिक गावच्याच विहिरीवर का होऊ नये? दर सोमवारी चार घरांचे पाणी तपासून वहीत नोंद करायची. ओटीचे द्रावण मात्र विषारी आहे. हातमोजे आणि शिक्षक दोन्ही हवेत आणि तपासलेले पाणी गटारात ओतावे. क्लोरीन तपासणाऱ्या डीपीडी गोळ्यांचे किट मिळाले तर मुलांच्या हाती तेच द्यावे.

कारखान्यांजवळच्या बोअरला यातले काहीच लागू पडत नाही. टीसीएल जंतू मारते. रसायने, क्षार, नायट्रेट जागच्या जागी राहतात आणि उकळले तर पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. उलट टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. तो फक्त क्षार मोजतो. मीटरचा आकडा कमी आला म्हणून पाणी चांगले, हा समज फिल्टर विकणाऱ्यांनी पसरवला आहे.

नाल्याला रंग आला किंवा रात्री उग्र वास सुटला की लोक बाटली भरून कार्यालयात नेतात. ती कोर्टात चालत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याप्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानेच, ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो. म्हणून बाटलीपेक्षा नोंदवही उपयोगाची: तारीख, वेळ, रंग, वास, वारा कुठून होता. दोन आठवड्यांच्या नोंदींवरून पाणी कोणत्या वारी, किती वाजता सोडले जाते ते कळते. अधिकाऱ्याला त्याच वेळी बोलावता येते.

जुलाबाबद्दल एकच. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, ते एका पेल्यात कालवून देणे मुलाला घातक. सोबत सहा महिन्यांवरील मुलांना झिंक २० मिलिग्रॅम रोज, जुलाब थांबले तरी चौदा दिवस.

ही माहिती प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावून काय होणार? ती विहिरीच्या कठड्यावर, टँकरच्या पाठीवर, रेशन दुकानात हवी. चित्रांसह, मराठीबरोबर हिंदीतही, कारण अनेक टँकरचालक तीच वाचतात. प्रत्येक विहिरीवर तीन रकान्यांचा फलक असावा: टीसीएल कधी घातली, किती ग्रॅम घातली, ओटी काय आली. रकाना आठवडाभर रिकामा दिसला तर कोणत्या महापालिकेच्या कोणत्या पदावरच्या माणसाला फोन करायचा, तेही त्याच फलकावर लिहावे. 'संबंधित विभाग' असे लिहू नये.

आपले,
काही निवृत्त आरोग्यसेवक व शिक्षक, ठाणे